अस्वलिणीची गोठवलेली पुडकी

एका डोंगराळ रानात एक अस्वलीण संसारात नाकापर्यंत बुडालेली होती. संसार तसा मोठा नव्हता. नवरा, एक मुलगा आणि एक मुलगी. पण तिघंही भारी घाईचे! अस्वलराव रानाच्या पंचायतीत होते, त्यामुळे त्यांना उजाडताच पाणवठ्यावर हजर व्हावं लागे. मुलगा वारुळं फोडायला शिकत होता, मुलगी झाडावर चढायला. रोज सकाळी गुहेत नुसता कल्ला. "आई, खायला दे!" "अगं, मला उशीर होतोय!" "आई, ही जांभळं आंबट आहेत!" शेवटी कुणी अर्धवट खाऊन, कुणी तसंच उपाशी, तिघं तीन वाटांनी पळत. एकदा मुलगी रिकाम्या पोटी चढायला गेली आणि भोवळ येऊन फांदीवरून खाली पडली. हाडं शाबूत राहिली हे नशीब म्हणायचं.

त्या दिवशी अस्वलिणीनं मनाशी काही ठरवलं. वरच्या डोंगरात एक विवर होतं. बाहेर ऊन कितीही रणरणू दे, त्या विवरात बाराही महिने बर्फ असे. आता असं विवर कुठं असतं म्हणून मला विचारू नका. गोष्टीतला डोंगर आहे, त्यात असतं! अस्वलिणीनं भर उन्हाळ्यातला मेवा गोळा केला. आंबे, जांभळं, करवंदं, रानकेळी, पिकलेली उंबरं. आंब्यांच्या फोडी केल्या, जांभळांच्या बिया काढल्या, करवंदांचा चीक धुतला, केळी सोलली, उंबरं फोडून आतले किडे झटकले. मग एकेका पळसाच्या पानात एका सकाळपुरती फळं घालून वेलीनं घट्ट बांधली. मुलाला करवंद आवडत नसे, म्हणून त्याच्या पुडक्यात ते नाही. मुलगी पडल्यापासून अशक्त झाली होती, म्हणून तिच्या पुडक्यात केळं जास्त. अस्वलरावांचे दात हलायला लागले होते, म्हणून त्यांच्या फोडी बारीक. ही पुडकी तिनं विवरात बर्फावर रचून ठेवली. सकाळी एकेक पुडकं सोडायचं, दगडाच्या खळग्यात ओतायचं, वर मध आणि झऱ्याचं पाणी घालून धोंड्यानं चेचायचं, की दाट, गारेगार रस तयार. तुमच्याकडे फळं पाकिटात भरून फ्रीजरमध्ये ठेवतात आणि सकाळी मिक्सर फिरवून स्मूदी करतात ना, तोच प्रकार. फक्त अस्वलिणीकडे मिक्सर नव्हता, आणि तिच्या फ्रीजरपर्यंत जायला अर्धा डोंगर चढावा लागे.

घरातली सकाळ पार बदलून गेली. तिघंही पोटभर रस पिऊन, मिशा चाटत बाहेर पडू लागले, आणि तरी वेळ उरू लागला. उरलेल्या वेळाचं त्यांनी काय केलं म्हणता? मुलगा उशिरापर्यंत लोळू लागला. मुलगी मैत्रिणींबरोबर पारंब्यांवर झोके घेऊ लागली. अस्वलराव तर सूर्याच्याही आधी पाणवठ्यावर पोचून गप्पा झोडू लागले. आणि अस्वलीण? ती दुपारभर बिया काढत बसे. तिची नखं जांभळी पडली, बोटं चिकानं चिकटली. ते पाहून अस्वलराव एवढंच म्हणाले, "अगं, नखं जरा धुवत जा, बरं दिसत नाही." मला तर हे सांगतानासुद्धा संताप येतो!

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? पाणवठ्यावर सरपंच तरसासमोर अस्वलराव छाती फुगवून सांगत, "आमच्याकडे काय, पुडकं सोडलं की न्याहारी तयार! आमच्या हिला आता दिवसभर आराम." तरस जिभल्या चाटत म्हणे, "वहिनींच्या हातचं आम्हालाही चाखवा की कधी." मागून पाणी प्यायला आलेल्या अस्वलिणीच्या कानावर हे पडलं. तिला वाटलं, चार शब्द सुनावावेत. पण चारचौघांत नवऱ्याचा पाणउतारा नको, म्हणून ती पाणी न पिताच परत फिरली. तिथंच चुकलं तिचं, असं मला वाटतं. पण ते असो.

एके दिवशी नदीपलीकडून एक कावळा उडत आला आणि गुहेच्या तोंडाशी बसला. "ताई," तो म्हणाला, "तुझी धाकटी बहीण बाळंत झाली. दोन पिल्लं आहेत. पहिलंच बाळंतपण, अंगात उठायचंही त्राण नाही. ती म्हणाली, आई असती तर ताईला बोलावलं नसतं." अस्वलिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. या बहिणीला तिनं लहानपणी पाठीवर घेऊन हिंडवलं होतं. आता बाळंतिणीला खाऊ घालायला, पिल्लं सांभाळायला आपल्याशिवाय तिचं कोण आहे? शिवाय नदीला पाणी यायचे दिवस जवळ आले होते. एकदा नदी भरली की थंडी पडेपर्यंत पलीकडे जायची सोय नसे. जायचं तर आत्ताच.

तिनं घरात विषय काढला. अस्वलराव उदार होऊन म्हणाले, "जा की! मी कधी नाही म्हटलंय? फक्त आमच्या सकाळचं तेवढं बघून जा." मुलगा म्हणाला, "माझ्यात करवंद नको हं, आई." मुलगी म्हणाली, "मला केळं जास्त." मावशी कशी आहे, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. तरी अस्वलिणीनं पदर खोचावा तशी कंबर कसली. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत ती फळं वेचत, कापत, बांधत राहिली. विवर भरत आलं. आता निघायचं, असं ठरवून ती पुडकी मोजायला गेली, तर निम्मं विवर रिकामं! मुलांनी आपल्या मित्रमैत्रिणींना बोलावून दुपारी रसाची मेजवानी झोडली होती. "आई, सगळ्यांना किती आवडला माहितेय!" मुलगी म्हणाली. अस्वलिणीनं डोक्यावर हात मारून घेतला. पण लेकरंच ती, म्हणून तिनं राग गिळला आणि पुन्हा कामाला लागली. आता खालच्या फांद्यांवरची फळं संपली होती. करवंदांसाठी काट्यांत शिरावं लागलं, जांभळांसाठी शेंड्यापर्यंत चढावं लागलं. अंगभर ओरखडे उठले. नदीकडून येणारा कावळा रोज सांगे, "ताई, पाणी चढतंय." ती म्हणे, "एवढी बांधून झाली की आलेच, म्हणावं."

अखेर विवर पुन्हा भरलं. निघायच्या दिवशी सकाळी ती सहज वर गेली आणि दारातच थबकली. आत एकही पुडकं नव्हतं. बर्फावर पळसाची फाटकी पानं पडली होती आणि तरसाच्या पावलांचे ठसे उमटले होते. ती धावतच खाली आली. अस्वलराव उन्हाला पाठ देऊन निवांत बसले होते.

"पुडकी कुठं आहेत?" तिनं विचारलं.

"अगं, काल संध्याकाळी सरपंच आले होते पंचायत घेऊन," अस्वलराव म्हणाले. "पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? सगळे बोटं चाटत गेले. तुझं नाव काढत होते!"

याला म्हणतात हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! वेचणार ही, सोलणार ही, डोंगर चढणार ही, आणि दानशूर कोण, तर अस्वलराव!

"ती माझ्या जाण्यासाठी ठेवली होती," अस्वलीण म्हणाली.

"मग परत कर की! तुला काय, हां हां म्हणता होतील. नाहीतर पुढच्या वर्षी जा. बहीण काय पळून जाते आहे?"

"पुढच्या वर्षी?" अस्वलीण उसळली. "पुढच्या वर्षी ती बाळंतीण असणार आहे का? आज तिला उठवत नाही, आज तिच्या पिल्लांना कुणी नाही! आणि हां हां म्हणता होतात ना? मग म्हणा हां हां, आणि करा तुम्हीच!"

मुलगा झोपेतून उठून बाहेर आला, डोळे चोळत म्हणाला, "आई, रस?" अस्वलिणीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, मुलीला जवळ घेतलं. "झाडं ओळखता, फळं ओळखता, हातपाय धड आहेत," ती म्हणाली. "उपाशी राहायचं काही कारण नाही." आणि ती निघाली. मागून हाका आल्या, पण तिनं वळून पाहिलं नाही.

नदीवर पोचली तेव्हा पाणी फुगलेलं होतं. काठावरचं कासव म्हणालं, "आत्ता उतरू नकोस, ओढून नेईल. संध्याकाळी थोडं ओसरेल, तेवढीच संधी आहे. रात्री परत चढणार." अस्वलीण खडकावर बसली. दिवसभर तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. मुलांनी काही खाल्लं असेल का? मुलीला पुन्हा भोवळ आली तर? आपण फार बोललो का? बघा, हक्कानं रागावली तरी टोचणी तिलाच! ज्यांना लागायला हवी होती ते काय करत होते कोण जाणे. दोनदा ती परत जायला उठली. दोन्ही वेळा तिला उठता न येणारी बहीण आठवली आणि ती पुन्हा बसली.

संध्याकाळी पाणी छातीपर्यंत उतरलं. अस्वलिणीनं दात आवळून नदीत पाय घातला. मधल्या धारेनं तिला एकदा ढकललं, पण तिनं दगडात नखं रोवली आणि ती पलीकडच्या काठावर चढली. अंग झटकते आहे तोच मागून हाक आली. तिनं वळून पाहिलं. पलीकडे अस्वलराव धापा टाकत उभे होते. त्यांच्या मागं दोन्ही मुलं. अस्वलरावांचे पंजे जांभळे झाले होते, अंगाला काटे अडकले होते, कानाला चीक लागला होता. हातात एक पुडकं होतं, अर्धं सुटलेलं, वेल लोंबत असलेलं.

अस्वलिणीचा राग विरघळू लागला. तिला वाटलं, चूक उमगली बहुतेक. माझ्यासाठी वाटेला शिदोरी घेऊन आले असतील. निदान 'जपून जा' म्हणायला आले असतील. 'बहिणीला सांग, आम्ही आठवण काढली' म्हणायला आले असतील. ती दोन पावलं पाण्याकडे सरकली आणि तिनं कान टवकारले.

अस्वलरावांनी दोन्ही पंजे तोंडाभोवती धरले आणि जीव तोडून ओरडून विचारलं, "अगं, केळं सोलून घालायचं, की सालीसकट?"

नदीच्या आवाजावर चढलेल्या आवाजात अस्वलीण गरजली, "आजवर रोज सोललेलं खात आलात! ते आपोआप सोललं जातं, असं वाटत होतं का तुम्हाला?"

अस्वलरावांनी हातातल्या पुडक्याकडे पाहिलं. मुलीनं मान खाली घातली. मधली धार पुन्हा चढू लागली होती. अस्वलिणीनं पाठ फिरवली, डोंगर चढून ती बहिणीकडे गेली, आणि नदी उतरेपर्यंत, म्हणजे चांगली थंडी पडेपर्यंत, तिथंच राहिली.

तात्पर्य : ज्याच्या कष्टांमुळे आपला वेळ वाचतो, त्याला रिकामटेकडं म्हणू नये, आणि त्यानं राखून ठेवलेलं परस्पर वाटून मोठेपणा तर मुळीच मिरवू नये.