झुंबर आणि उलटी कणगी

वेळूच्या हिरव्यागार बनाला लागून एक इवलंसं खोपट होतं. त्यात लिंबाजी बुरूड, त्याची बायको कौसा आणि त्यांची चिमुकली लेक झुंबर राहायची. कधी भाकरी असायची, तर कधी नुसतीच पेज. पण झुंबर रोज पहाटे दारात उजव्या हाताने नाजूक रांगोळी काढायची. पानं, वेली आणि एक चिमणी. ती रांगोळी पाहिली की रिकामं खोपटसुद्धा भरल्यासारखं वाटायचं.

लिंबाजी होता डावखुरा. धान्य साठवायची मोठी कणगी विणायला दोन माणसं लागतात. कणगीभोवती फिरत फिरत ती वेळूच्या पातळ कामट्या विणत जातात. गावातले सगळे बुरूड देवाला प्रदक्षिणा घालावी तसे फिरायचे. लिंबाजी फिरायचा उलटा! मग समोरच्याचं डोकं आणि याचं डोकं, टण्णकन!

"लिंबाजी, तुझ्याबरोबर विणायचं म्हणजे घरून डोक्याला उशी बांधूनच यायचं!" सगळे हसायचे. हसत हसत निघूनही जायचे. एकट्याच्या हाताने होतील तेवढ्या लहान टोपल्या विणत लिंबाजी दिवस काढायचा.

म्हणून झुंबर जन्मली तेव्हा त्याने देवाला एकच मागितलं, "पोर डावखुरी होऊ दे!" खुळखुळा तो तिच्या डाव्या हातात द्यायचा. गुळाचा खडाही डावीकडूनच दाखवायचा. झुंबर टुणकन वळायची आणि उजव्या हाताने गूळ घ्यायची.

"अहो, पोरीला चकवताय होय?" कौसा हसायची. "तीच तुम्हाला चकवते बघा."

"बघ तू, दात आले की होईल डावखुरी!" लिंबाजी म्हणायचा. दात आले. मग तो म्हणाला, "दात पडले की होईल." दातही पडले. झुंबर उजवी ती उजवीच.

त्या वर्षी गावाने दवंडी पिटली. सगळ्या गावाची मिळून एक मोठी कणगी हवी आहे, जो विणेल त्याच्या घरी वर्षभराचं धान्य. लिंबाजीने कामट्या सोलल्या आणि नुसत्या रचून ठेवल्या. जोडीला येणार कोण?

आपल्या आबांचा तो उतरलेला चेहरा झुंबरला बघवेना. ती वेळूच्या बनात गेली. तिथे तिला बारीक आवाज ऐकू आला, पैंजणातला एकच घुंगरू वाजावा तसा. एका चिरलेल्या वेळूत चिमणीएवढी परी अडकली होती. तिचे पंख पोपटी, सोनेरी, दवासारखे लुकलुकणारे!

झुंबरने दोन्ही हातांनी चीर फाकवली. बोट कापलं, पण तिने सोडलं नाही. परी भुर्रकन सुटली आणि तिच्या खांद्यावर बसली.

"गुणाची गं माझी बाय! माग, काय हवं ते."

"मला डावखुरी कर. आबांसाठी."

परी जरा गंभीर झाली. "ऐक हं. डावा हात शहाणा होईल, पण उजवा सगळं विसरेल. हे कुणाला सांगायचं नाही. आणि ज्याच्यासाठी मागतेस, तो आपणहून नको म्हणाला, तरच हा वर परत फिरेल."

झुंबरने उजव्या हाताकडे एकदा पाहिलं आणि होकाराची मान डोलावली.

घरी येऊन तिने डाव्या हाताने कामटी उचलली. लिंबाजीने डोळे चोळले. मग तो अंगणभर नाचला! "कौसे, अगं बघ! डावखुरी! म्हटलं नव्हतं मी?" बापलेक कणगीभोवती उलटे फिरू लागले. संध्याकाळपर्यंत कणगी झुंबरच्या कमरेइतकी वर आली.

पहाटे लिंबाजी दारात आला, तर अंगण कोरं. झुंबर पायरीवर बसली होती. उजव्या हाताच्या चिमटीतून रांगोळी नुसती भुरभुर सांडत होती. चिमणी नाही, वेल नाही.

"काय झालं गं बाय?"

सांगायला तर मनाई होती. नुसते टपटप अश्रू. लिंबाजीने तिचा उजवा हात हातात घेतला. तो पावसात भिजलेल्या पाखरासारखा गार पडला होता. आनंदाच्या भरात आपण लेकीच्या तोंडाकडे कालपासून पाहिलंच नाही, हे त्याला उमगलं.

तो तिला पोटाशी धरून म्हणाला, "नको रे देवा, नको मला डावखुरी पोर! कणगी गेली तर जाऊ दे. माझी झुंबर मला होती तशी दे."

तेवढ्यात उजवी बोटं हलली, ऊबदार झाली. झुंबरने भराभर चिमणी काढली आणि ती आबांच्या गळ्यात पडली.

"आता कणगी?" तिने विचारलं.

"राहू दे."

"राहू दे कशाला? मी आहे की!"

ती उजव्या हाताने विणत सुलटी निघाली, लिंबाजी डाव्या हाताने उलटा. समोरासमोर आले. लिंबाजीने घाबरून कपाळ झाकलं. पण झुंबर होती इवलीशी! ती आबांच्या काखेखालून खुदकन हसत पलीकडे गेली. पुन्हा भेटले, पुन्हा सटकली.

कौसा पाणी घेऊन आली आणि थबकली. "अगं बाई! हे काय विणलंय?"

एक ओळ उलटी, एक सुलटी. कणगीवर जणू गव्हाच्या ओंब्याच ओंब्या उमटल्या होत्या! लिंबाजीने जोर लावून पाहिला, तर वीण तसूभर हलेना. अशी देखणी, घट्ट कणगी गावात कुणी विणली नव्हती.

अंगणात पोपटी उजेड सांडला. परी कणगीवर येऊन बसली.

"हे तू केलंस ना?" झुंबरने विचारलं.

"छे गं! हे तुमच्या दोघांच्या हातांचं. मी एवढंच देते, ही वीण ज्या घरात विणली जाईल, तिथलं धान्य कधी सरणार नाही. आणखी काही हवं?"

झुंबरने मान हलवली. "आता नको. काठ विणायचा राहिलाय."

परी इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या हसण्याचाच उजेड झाला. सोनेरी, लुकलुकता. तो वेळूच्या पानापानांवर चढला आणि उन्हात मिसळून गेला. झुंबरने एक लांब कामटी निवडली, तिचं एक टोक आबांच्या हातात दिलं आणि दुसरं आपण धरलं.