शेपटीची लाज

दोष सगळा रावजी आबांचा, उगाच खेकड्याला कुणी बोलू नये. काही वर्षांपूर्वी खदानीच्या डबक्यात हा म्हातारा बेडूक पुढारी होता.

त्या वर्षी पिल्लांना चारही पाय फुटले, तरी शेपट्या तशाच लोंबत होत्या. आबांचं डोकं फिरलं. "बेडकाच्या जातीला शेपूट? उद्या पलीकडच्या डबक्यातले पाहुणे येतायत. माझी अब्रू घालवाल! खेकड्याकडे जा आणि कापून घ्या."

"आबा, तुम्हालाही होतं की," त्यांची नात ढमी म्हणाली.

"हॅट! मी जन्मलो तोच असा."

सगळ्या पिल्लांसारखं ढमीचंही तोंड तेव्हा बदलत होतं, काही खाता येत नव्हतं. शेपूट रोज थोडं अंगात जिरायचं, तेवढंच तिचं जेवण. "ही माझी शिदोरी आहे, म्हातारबा. तुम्ही तुमची खाऊन बसलात," असं सुनावून ती शेवाळात घुसली. बाकीची गुणी बाळं खेकड्यापुढे रांगेत उभी राहिली.

पाहुणे आले, बिनशेपटीची पिल्लं बघून वाहवा करून गेले. मग एकेक पिल्लू उपाशी मेलं. ढमी शेपूट जिरवून काठावर चढली, ती परत फिरकली नाही.

आबा अजून डराव-डराव करतात. त्या डबक्यात त्यांना ओ द्यायला कुणी नाही.