हळदीचे हात

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्याच शिष्याच्या शाळेच्या दारातून परत पाठवले गेले. त्यांच्या गळ्यात घालायचा हार आत तबकात तसाच राहिला आणि आचार्य बाहेरच्या बाहेर नदीवर हात धुवायला गेले. बरे, अपमान झालेला माणूस जातो तसे गेले असते तरी समजले असते. ते गेले लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारखे. हे कसे घडले ते ऐकण्यासारखे आहे.

ते गाव हळदीचे. किती हळदीचे? सांगणारे सांगतात की त्या गावात कावीळ झालेला माणूस वैद्यालाही ओळखू येत नसे. नाडी पाहून, जीभ पाहून, शेवटी त्याच्या बायकोलाच विचारावे लागे की हा मुळात कोणत्या रंगाचा होता. लग्नाच्या आदल्या दिवशी तेथे नवरदेवाला हळद लावत नसत, उलट घासून धुऊन काढत, म्हणजे याचे आज काहीतरी विशेष आहे हे लोकांच्या ध्यानात येई. यातले निम्मे सोडून द्या. उरते तेही पुष्कळ आहे.

माघ-फाल्गुनात शेतातून हळद निघाली की गावाला श्वास घ्यायला फुरसत नसे. पुरुष मोठमोठ्या काहिलींत हळद शिजवीत. बायका आणि पोरे पहाटेपासून खळ्यावर बसून ओले गड्डे मोडीत, हळकुंडे वेगळी करीत. ओल्या हळदीचा रंग तळहातात असा मुरतो की तो पाण्याचे ऐकत नाही, राखेचे ऐकत नाही. कातडीला जेव्हा वाटेल तेव्हाच तो जातो.

या गावच्या सर्वांत मोठ्या व्यापाऱ्याने एक शाळा बांधली. शेजारच्या गावच्या व्यापाऱ्याने नदीला घाट बांधला होता आणि ते याच्या पोटात दुखत होते, असे लोक म्हणत. कारण काहीही असो, शाळा देखणी झाली. उंच छत, रुंद खिडक्या, सागवानी बाके आणि दुधासारख्या शुभ्र भिंती. शिकवायला त्याने आचार्यांच्या आश्रमातून नुकताच विद्या संपादन करून आलेला एक तरुण शिष्य बोलावला.

हा शिष्य जीव ओतून शिकवणारा होता, हे आधीच सांगायला हवे. त्याने वाळवंट शिकवले त्या दिवशी निम्मा वर्ग पाणी प्यायला धावला. त्याने हिमालय शिकवला तेव्हा मुलांनी घरी जाऊन फाल्गुनात गोधड्या मागितल्या. अशा माणसाची शाळा ओस पडते म्हणजे काय!

पण पडली. पहिल्याच हंगामात त्या शुभ्र भिंतींवर, मुलांचा हात पोहोचेल तेथपर्यंत, पिवळे पंजे उमटले. व्यापाऱ्याने ते पाहून नाक मुरडले आणि शिष्य ओशाळला. त्याला वाटले, हे विद्येचे स्थान. येथे येताना निदान हात तरी स्वच्छ असावेत. त्याने नियम केला. दारात हात दाखवायचे. डाग असेल त्याने नदीवर जाऊन धुऊन यायचे, मगच आत. दाराशी दगडोजी नावाचा एक कडक मनुष्य बसवला. कडेवर धाकटे भावंड घेऊन येणाऱ्या मुलींनाही तो थोपवू लागला, कारण शाळा शिकण्यासाठी आहे, पोरे सांभाळण्यासाठी नाही. नियम सरळ होता. ऐकणाऱ्याला तो योग्यच वाटला असता.

मुले नदीवर जात आणि परत येत नसत. शिष्याने त्याचा अर्थ लावला तो असा, की पाणी दिसले की पोरे डुंबतात, आणि आईबापांना लेकरांच्या अक्षरांपेक्षा हळकुंडांची चाड अधिक. हे तो रागाने नव्हे, खऱ्या दुःखाने म्हणे. त्याने नवे नकाशे आणले, रंगीत खडू आणले, हजर राहणाऱ्याला गूळ-खोबरे देऊन पाहिले. बाके रिकामी ती रिकामीच.

एके दिवशी व्यापारी आला. त्याने एका बाकावरून बोट फिरवले आणि बोटाला लागलेली धूळ शिष्याला दाखवली.

"मास्तर, यंदा पीक उदंड आहे. माझी गोदामं तुडुंब भरलीत. पाडव्यापर्यंत ही बाकं भरली नाहीत, तर या खोल्यांतून पोती भरतील. पोत्यांचं एक बरं असतं, ती गैरहजर राहत नाहीत."

शिष्याने आचार्यांना निरोप धाडला, "शाळा वाचवायची आहे. आपण यावं, पाहावं आणि माझ्या शिकवण्यात काय उणं आहे ते सांगावं." उलट निरोप आला, "येतो. घ्यायला येऊ नकोस."

ठरल्या दिवशी शाळा झाडून लखलखीत केली. तबकात हार ठेवला. व्यापारीही जरीचा फेटा बांधून खुर्चीत येऊन बसला. सूर्य वर आला, आचार्यांचा पत्ता नाही. तेवढ्यात दारातून दगडोजीचा खडा आवाज आला.

"ओ आजोबा, हात दावा!"

"हे काय."

"आरं बाबौ! कोपरापातूर? आत न्हाई जायचं."

"अरे, पण मला आत बोलावलंय."

"समद्यास्नीच बोलावलंय. नदी तिकडं हाय. राख लावून घासा."

"राखेनं निघतं का रे हे?"

दगडोजीने आपले स्वतःचे पिवळेजर्द हात धोतराला पुसले. "ते मला इचारू नका. मी कुठं आत जातो? मी दारातच बसतो."

शिष्य धावत बाहेर आला आणि जागीच थिजला. मुलांच्या रांगेत, एका चिमुरडीच्या मागे, आचार्य उभे होते. धोतरावर मातीचे डाग, दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीने माखलेले, आणि चेहरा कमालीचा प्रसन्न.

"गुरुदेव! अरे दगडोजी, हे कोण आहेत ठाऊक आहे का?"

"त्याला बोलू नकोस," आचार्य म्हणाले. "फार चोख काम करतो. नियम कोणाचा?"

"माझा. पण तो आपल्यासाठी नाही, गुरुदेव."

"मग कोणासाठी?"

"मुलांसाठी."

"अस्सं. मग मला थोडा वेळ मूल होऊ दे." असे म्हणून ते वळले आणि चालू लागले. रांगेतली मुले आधी एकमेकांकडे पाहत राहिली, मग त्यांच्या मागोमाग निघाली. चिमुरडीच्या कडेवर एक नाक गळणारे बाळ होते. तेही टाळ्या पिटत गेले.

खुर्चीतून व्यापारी म्हणाला, "तुमचे गुरू मोठे गमतीचे दिसतात. शाळा भरायला बोलावलं, तर होती नव्हती ती पोरंही घेऊन गेले."

शिष्य वाट पाहत राहिला. बराच वेळ झाला. न आचार्य आले, न मुले. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आले की मुलांना नदीवर पाठवायला लागून हंगाम सरत आला, पण आपण स्वतः नदीवर एकदाही गेलो नाही. तो निघाला.

नदीत कोणी डुंबत नव्हते. काठावर मुले ओळीने बसली होती आणि हात घासत होती. कोणी राखेने, कोणी वाळूने, कोणी खडबडीत दगडाने. खळ्यावरून धावत आलेल्या काही आया पदर खोचून आपापल्या लेकरांच्या पंजांना भिडल्या होत्या. आचार्य त्यांच्यातच एका दगडावर बसून इमानेइतबारे हात घासत होते. ती चिमुरडी, तिचे नाव गोजरा, ओठ घट्ट मिटून बसली होती. तिची आई हौसा तिचे तळहात वाळूने चोळत होती, आणि कडेवरचे बाळ आता शेजारी चिखल खात होते.

शिष्याला पाहताच हौसा गडबडीने उठली. "आलू, गुरुजी, आलू! जरा दम धरा. परवापरीस उजळल्यात बघा. नाव काढून टाकू नका पोरीचं. मी रोज आणती हितं तिला, पर घासूस्तवर मुकादम हाळी देतो, मग मी जाती खळ्याकडं आन ही जाती बाळाला घिऊन घरला."

"रोज?" शिष्याने विचारले.

"रोज. आज तर या बाबांनीबी घासू लागलं. पहाटंपासनं आमच्या खळ्यावर हळद मोडाय बसलं हुतं. मोडत्यात कमी, बोलत्यात जास्ती."

बायका हसल्या. आचार्यही हसले. शिष्याने गोजराचा हात हातात घेतला. तळव्याचा पिवळा रंग तसाच होता. फक्त त्यातून दोन ठिकाणी रक्त आले होते. ज्यांना शिक्षणाची चाड नाही असे तो समजत होता, ती माणसे रोज सकाळी येथे येऊन, त्याच्या दारातून आत जाता यावे म्हणून, लेकरांची कातडी सोलत होती.

"माझ्या शिकवण्यात काय उणं आहे?" हा प्रश्न त्याला आता विचारावासाच वाटेना.

आचार्यांनी हात झटकले. ते हळूच म्हणाले, "वत्सा, तुझं शिकवणं मी खळ्यावर ऐकलं. ही पोरं हळद मोडताना हिमालयाच्या गोष्टी करतात. तुझ्या विद्येत खोट नाही. तू फक्त या लोकांकडे एक अशी वस्तू मागतोस, जी त्यांच्यापाशी नाही. तू म्हणतोस, मला नुसतं मूल द्या. नुसतं मूल कुणाच्या घरी जन्माला येत नाही रे, ते घरासकट येतं. त्याच्या हाताला आईचे कष्ट लागलेले असतात, कडेवर भाऊ असतो, पोटात कालची अर्धी भाकरी असते. हे सारं नदीवर सोडून ये, असं सांगितलंस की ते बिचारं प्रामाणिकपणे सोडायला जातं, आणि तिथंच अडकतं. त्याला घरासकट आत घे. मग शिकव हवं तितकं."

एवढे बोलून ते उठले आणि नदीकाठच्या वाटेने, पिवळ्या हातांनी, आपल्या आश्रमाकडे चालते झाले. हाराची आठवणही कोणाला झाली नाही.

शिष्याने चिखल खाणाऱ्या बाळाला उचलले, त्याचे तोंड आपल्या उपरण्याने पुसले आणि हौसाला म्हणाला, "बाई, तुम्ही खळ्यावर जा. या दोघांना मी नेतो."

पाडव्याला फार अवकाश नव्हता. शिष्य रोज पहाटे खळ्यावर जाऊन बसू लागला. हळद मोडण्याच्या बाबतीत तो आचार्यांहूनही वाईट निघाला, पण तो एकच गोष्ट विचारी, "तुमचं काय अडतं?" प्रथम बायका लाजल्या, मग बोलू लागल्या, आणि एकदा बोलू लागल्यावर त्यांना थांबवणे आचार्यांच्याही हाती नव्हते. हंगामात शाळा खळ्यावरचे सकाळचे काम आटोपल्यावर भरू लागली. हळद शिजवून झाली की काहिलींखाली विस्तव उरतोच. त्यावर घुगऱ्यांचे पातेले चढू लागले. धुराने डोळे लाल झालेल्या मुलांना पाहायला वैद्य शाळेत येऊ लागला आणि मुलांबरोबर आयांचेही डोळे पाहू लागला. व्यापाऱ्यासाठी राखून ठेवलेल्या बैठकीच्या खोलीत पोत्यांच्या झोळ्या बांधल्या गेल्या. धाकट्या भावंडांची राखण कोणाकडे द्यावी? दगडोजीकडे. ज्याच्या आवाजाने मुले दारातून पळत, त्याच आवाजात तो अंगाई म्हणू लागला. बाळे भीतीने झोपत की आवडीने, हे अद्याप कोणाला कळलेले नाही, पण झोपत.

पाडव्याला व्यापारी आला तो पोत्यांच्या गाड्या जुंपूनच. त्याने आत पाऊल टाकले. एकही बाक रिकामे नव्हते. दोघांच्या जागी तिघे बसले होते. पण त्याची नजर भिंतींवर गेली आणि तो कडाडला, "माझ्या भिंती! मास्तर, या काय अवस्थेत आहेत?"

पिवळे पंजे होतेच, आता तर आयांचेही पंजे उमटून ते मुलांच्या उंचीच्याही वर गेले होते. शिष्य पुढे झाला, पण त्याच्या आधीच दारात उभी असलेली हौसा बोलली.

"शेठजी, रागावू नगा. तुमचीच हळद हाय ती. बाजारात चालती, मग शाळंत का न्हाई?"

व्यापाऱ्याने भिंतीकडे पाहिले. मग आपल्या हातांकडे पाहिले. ते स्वच्छ होते. आयुष्यभर हळदीवर जगून त्यांना कधी हळद लागली नव्हती. मग त्याच्या पोटातून एक हसू वर आले आणि फेटा हलेपर्यंत हलत राहिले. "बाई, तू सौद्याला बसायला हवी होतीस," तो म्हणाला आणि त्याने गाड्या वळवायला सांगितल्या. त्या वर्षीची पोती त्याच्याच दिवाणखान्यात चढली, आणि शेठाणीबाई पुढच्या हंगामापर्यंत आल्यागेल्याला पोत्यावर बसवून सरबत देत होत्या म्हणतात. आपली शाळा पाहायला दूरदूरची माणसे येतात, हे मात्र त्या प्रत्येकाला अभिमानाने सांगत.

पुढे हंगाम सरला. हात आपोआप उजळले. एके सकाळी शिष्य वर्गात आला तर गोजराची जागा रिकामी. पूर्वीचा दिवस असता तर त्याने गैरहजेरी लावली असती, तो मनाशी हळहळला असता आणि त्याने धडा सुरू केला असता. आज त्याने मोठ्या मुलांना लहानांची उजळणी घ्यायला सांगितली, खडू खाली ठेवला, पायांत वहाणा सरकवल्या आणि तो तिच्या घराची वाट चालू लागला.

असे करायला आचार्यांनी त्याला सांगितले नव्हते.