भागाबाईची पाल

माणसांनी नुकत्याच भिंती बांधायला घेतल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. भागाबाई कोंबडीला पिल्लं नव्हती. एकदा खुराड्यात तिला एक पाल सापडली. "आजपासून तू माझी सोनी," असं म्हणून तिनं ती पाळलीच.

लाड तर विचारू नका! निवडलेली ज्वारी, धुळीची आंघोळ आणि दिवसभर पंखाखाली ऊब. सोनी दाण्याला तोंड लावत नसे. ती वाळत चालली, तशी भागाबाई ज्वारी वाढवत गेली.

एक दिवस आंघोळ चुकवून सोनी भिंतीवर पळाली. भागाबाईनं चोचीनं तिची शेपटी धरली, तर शेपटी चोचीतच राहिली आणि वळवळू लागली!

"अगं बाई, लेकरू मोडलं माझं!" भागाबाईनं हंबरडा फोडला.

"शेपटी परत येईल, आई," वरून सोनी म्हणाली. "पण मला धरत जाऊ नकोस. आणि मी ज्वारी नाही, जिवंत किडे खाते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलत होते की! पंखाखालून तुला ऐकूच येत नव्हतं."

भागाबाई ओशाळली. तिनं उकिरडा उकरून एक गुबगुबीत झुरळ पकडलं. तिच्याच तोंडाला पाणी सुटलं. तरी तिनं ते भिंतीपाशी सोडलं आणि डोळे घट्ट मिटून लांब जाऊन उभी राहिली.