खरवडलेली ओळ

एका राज्यात निंबाजी नावाचा चिटणीस होता. राजाचे करार, हुकूम, सावकारांची पत्रे, प्रजेचे अर्ज, सगळे त्याच्या हाताखालून जाई आणि जाताना निम्मे होऊन जाई. लोक पाल्हाळ लावत, निंबाजी तो चाकूने खरवडून काढी. खरवडलेल्या शाईची भुकटी तो खिडकीबाहेर फुंकी आणि बकुळीवर बसलेली साळुंकी ती टिपून खाई. त्या साळुंकीला बोलता येत असे. पण दरबारात बोलणाऱ्यांची काही वाण नव्हती, म्हणून तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही.

निंबाजीची एक गोष्ट मात्र दरबारात कोणालाच ठाऊक नव्हती. तो पाथरवटाचा मुलगा होता. त्याचा धाकटा भाऊ सुभान अजून छिन्नी-हातोडा धरून होता आणि पाथरवटांचा मुकादम झाला होता.

एकदा काळकड्याच्या धूम्रकेश जादूगाराने राजाला निरोप पाठवला, "मला मनोरा बांधायचा आहे. चाळीस कारागीर द्या. तुमच्या विहिरी कधी आटणार नाहीत." राजाने होकार दिला आणि कराराच्या अटी सांगायला मुकादमाला बोलावणे धाडले. सुभान धुळीने माखलेल्या पायांनी दरबारात उभा राहिला. निंबाजीकडे त्याने एकदाच पाहिले. भाऊ ओळख दाखवत नाही हे त्याला कळले, आणि त्यानेही दाखवली नाही.

सुभानने मजुरी सांगितली, मुक्काम सांगितला, काम संपल्यावर आम्हांला सोडावे हेही सांगितले. चाळीसही जणांची नावे सांगितली. मग म्हणाला, "आणखी एक लिहा, महाराज. संध्याकाळी भाकरी मोडायच्या आधी मुकादम एकेकाला नावाने हाक मारील आणि ज्याने त्याने ओ द्यावी. हे दगडाचे काम आहे. माणूस दगडात हरवतो."

"आता भाकरीला मीठ किती, तेही लिहून घ्या!" एक सरदार म्हणाला. दरबार हसला. राजाही हसला.

निंबाजीचे कान तापले. ती हाक त्याला ठाऊक नव्हती असे नाही. लहानपणी त्याचा बाप खाणीच्या तोंडाशी उभा राहून हाक मारी आणि निंबाजी ओ देई. एका संध्याकाळी एका नावाला ओ आली नव्हती, तेव्हा सगळ्यांनी हातांनी ढिगारा उपसून माणूस जिवंत काढला होता. हे सगळे आठवत असताना त्याने घरी चाकू घेतला आणि ती ओळ खरवडली. पाठोपाठ नावेही खरवडली. चाळीस कारागीर एवढे पुरे, नावे कशाला? वर राजाच्या बिरुदांच्या चार ओळी होत्या, त्यांना त्याने हात लावला नाही. का लावला नाही, ते मी सांगायला नको.

सुभानने करारावर अंगठा उठवला, तशी धूम्रकेशाने पाठवलेली तांब्याची मंतरलेली चौकट कराराभोवती आवळली आणि खरवडलेली जागा मिटून गेली. सुभान माणसे घेऊन काळकड्यावर गेला.

विहिरी तुडुंब भरल्या. दोन पावसाळे उलटले, मनोरा उभा राहिल्याची बातमी आली. माणसे काही आली नाहीत. दरबारात कोणी विचारलेही नाही. निंबाजी मात्र झोपेतून दचकून उठू लागला, आणि एके दिवशी करार काखोटीला मारून एकटाच काळकड्यावर गेला.

मनोरा उंच होता, देखणा होता. त्याच्या पायथ्याशी माणसाएवढे चाळीस दगड ओळीने उभे होते. धूम्रकेश पायरीवर बसून डाळिंब सोलत होता.

"माणसे कुठे आहेत?" निंबाजीने विचारले.

"समोर आहेत. या डोंगरावर ज्याला दिवसात एकदाही नावाने हाक येत नाही, तो डोंगराचा होतो."

"मग त्यांनी हाक का मारली नाही?"

"मारत होते. पण जे करारात नाही त्याला माझ्या डोंगरावर आवाज नाही. तोंडे उघडत, ऐकू काही येत नसे."

"काम संपल्यावर सोडावे, असे लिहिले आहे!"

"सोडले की. वाट मोकळी आहे. मी लिहिलेले पाळतो, चिटणीस. न लिहिलेले पाळायला मी काही त्यांचा भाऊ नव्हे."

निंबाजी एकेक दगड चाचपत ओळीच्या टोकापर्यंत गेला. कोणता दगड सुभान, हेही त्याला ओळखता येईना. तो ढसाढसा रडला. जादूगाराने डाळिंब संपवले, हात पुसले आणि म्हणाला, "उपाय आहे, पण सोपा नाही. खरवडलेली ओळ जशीच्या तशी आण. कराराच्या चौकटीत तिला जागा कर. मग चाळीस नावे आण आणि एका संध्याकाळी माझ्यासमोर हाक मार. एक नाव राहिले तरी एकही दगड हलणार नाही."

"ओळीचा आशय मला आठवतो."

"आशय नको. आशय काढता काढताच तू इथवर आलास."

निंबाजी परतला आणि बकुळीखाली उभा राहिला. साळुंकी म्हातारी झाली होती. ती म्हणाली, "ओळ माझ्या पोटात आहे. पण जे आधी खाल्ले ते आधी बाहेर येईल. सगळे ऐकावे लागेल."

निंबाजी ऐकत बसला. ऊन गेले, पाऊस गेला, थंडी आली. खरे सांगायचे तर त्यातले बहुतेक खरवडण्याच्याच लायकीचे होते: तीनतीनदा केलेले मुजरे, शब्दाला शब्द जोडून केलेली भरती. तिथे त्याचा हात चुकला नव्हता. पण मधूनच एखादे वाक्य येई. पूल मागणाऱ्या गावाने लिहिले होते की गेल्या साली नदीत बुडाली ती दाई होती. घोडे विकणाऱ्याने लिहिले होते की पांढऱ्या घोड्याला अंधाराची भीती वाटते. यांना आपण पाल्हाळ समजलो! निंबाजी मान खाली घालून ऐके. कित्येकदा उठून जावेसे वाटले, पण उठला नाही. शेवटी साळुंकीने सुभानच्या आवाजात हाकेची ओळ म्हटली, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत, "माणूस दगडात हरवतो." ओळ मिळाली.

कराराभोवतीच्या त्या मंतरलेल्या चौकटीत आता एक अक्षरही जास्त मावत नसे. निंबाजीने मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. मजुरी हवी, मुक्काम हवा, सुटका हवी. नको असलेले एकच होते आणि ते सगळ्यांत वर होते. तो राजासमोर गेला.

"आमच्या बिरुदांना चाकू लावणार?" राजा म्हणाला.

"मजकुराला जागा हवी आहे, महाराज."

"इतकी वर्षे नव्हती लागत."

"लागत होती. मी भीत होतो."

राजाने त्याच्या कमरेच्या चिटणिशीच्या शिक्क्याकडे बोट दाखवले. मग म्हणाला, "बिरुदे काढ. शिक्का इथे ठेव आणि पुन्हा या दारात येऊ नकोस." निंबाजीने शिक्का ठेवला. बिरुदांच्या जागी भावाची ओळ लिहिली. ती चौकटीत नेमकी बसली.

राहिली नावे. ती कागदावर नव्हती; साळुंकीला विचारावे, तर सुभानची ओळ सांगून तिने प्राण सोडला होता. पाथरवटांचे तांडे एका खाणीवरून दुसऱ्या खाणीवर जातात, त्यांच्या घराला पत्ता नसतो. निंबाजी खाणीखाणीतून फिरला. कोणी शिव्या दिल्या, कोणी दारही उघडले नाही. एका म्हातारीने मुलाचे नाव सांगितले आणि याच्या अंगावर धोंडा भिरकावला. त्याचे केस पिकले, पाठ वाकली, एका डोळ्याने दिसेनासे झाले. आणि एकोणचाळीस नावे मिळूनही चाळिसावे मिळेना. तो चाळिसावा पोरका गडी होता, काम मिळेल तिथे येऊन राहिलेला. त्याला ओळखणारे कोणी उरले नव्हते. पुष्कळदा निंबाजी वाटेत बसकण मारी आणि म्हणे, आता नाही होणार. मग उठून पुढच्या खाणीकडे चालू लागे.

एका पाणवठ्यावर एका बाईने त्याची चौकशी ऐकली आणि भरलेली घागर खाली ठेवली.

"उंच होता? डावखुरा?"

"ठाऊक नाही, बाई. मी त्याला पाहिलेच नाही."

"आमचे ठरले होते. तो आला नाही. मग घरच्यांनी इथे दिले." ती पाण्याकडे पाहत राहिली. "इतकी वर्षे मनातसुद्धा नाव घेतले नाही. केरोबा." मग घागर उचलता उचलता म्हणाली, "तो उठला, तर मी भेटले होते हे सांगू नका."

"नाही सांगत," निंबाजी म्हणाला.

सूर्य कलताना तो काळकड्यावर पोचला. धूम्रकेशाने करार वाचला, मान डोलावली. निंबाजीने हाक मारायला सुरुवात केली. एकेक नाव घेई आणि दगड गप्प राही. सगळ्यांत शेवटी सुभानचे नाव घेतले. क्षणभर काहीच झाले नाही. मग एकदम चाळीस गळ्यांतून ओ आली आणि दगड झटकून माणसे उभी राहिली. गेली तेव्हा होती तशीच तरुण.

त्यांनी चूल पेटवली, भाकऱ्या भाजल्या. सुभान त्या वाकलेल्या म्हाताऱ्याजवळ येऊन म्हणाला, "आजोबा, आमच्यात जेवायचे तर हाकेला ओ द्यावी लागते. नाव काय तुमचे?"

 म्हातारा म्हणाला, "निंबाजी."

"माझ्या दादाचे..." सुभान बोलता बोलता थांबला. त्याने त्याचा चेहरा नीट निरखला. मग हळूच विचारले, "दादा, कोणी केले रे तुझे असे?"

निंबाजीने सगळे सांगितले. दरबाराचे हसणे, स्वतःची लाज, चाकू. काहीही गाळले नाही. चुलीतली लाकडे विझत आली. शेवटी सुभान म्हणाला, "करार वाचून दाखवा, असे मी म्हणू शकलो असतो. मुकादमाचा तो हक्क आहे. पण लिहिणारा तू होतास, म्हणून म्हटले नाही."

 निंबाजीने क्षमा मागितली नाही, सुभानने दिली नाही.

पुढे त्या राज्यात नवा राजा आला आणि कामावर जाणाऱ्याचे नाव गाळलेला करार रद्द समजावा, असा हुकूम निघाला. विहिरींना पाणी राहिले, माणसे कामावर जात आणि परत येत. पण ते सगळे नंतरचे. त्या संध्याकाळी सुभान चुलीपाशी उभा राहिला आणि त्याने एकेकाला हाक मारली. ज्याने त्याने ओ दिली. सगळे गडी झाल्यावर तो थोडा थांबला. मग त्याने निंबाजीचे नाव घेतले, आणि ओ येईपर्यंत भाकरी मोडली नाही.