तीन टोपीकरांचे साबण

बाळांनो, पुढं सरकून बसा. आणि मागं बसलेल्या थोरांनो, तुम्हीही कान द्या. फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. दर्यावरून गलबतं घेऊन येणाऱ्या गोऱ्या व्यापाऱ्यांना तेव्हा लोक टोपीकर म्हणत.

त्या काळी दर्याकाठी एक राज्य होतं. राजा गडावर राही, रयत गडाखाली. गडावर पावसाचं पाणी साठवायची टाकी होती, त्यांचं पाणी गोड. खाली होत्या विहिरी, त्यांचं पाणी खारं. इतकं खारं, की चुलीवर डाळ चढवली तर शिजता शिजता बाईचा जीव मेटाकुटीला यायचा. पण सवय झाली, की माणूस तक्रार विसरतो.

वेशीजवळच्या वडाखाली भागोजी न्हावी बसे. गिऱ्हाइकाचे गाल नुसत्या पाण्यानं चोळून चोळून मऊ करायचे, चामड्यावर वस्तरा परजायचा आणि हलक्या हातानं फिरवायचा, ही त्याची रीत. घाई म्हणून त्याला ठाऊक नव्हती. गावात लग्न निघालं, की नवरदेवाची दाढी भागोजीच करणार आणि मगच हळद लागणार, असा रिवाज होता.

एके वर्षी तीन टोपीकर दाढीचे साबण घेऊन गडावर आले. एक इंग्रज, एक फरासीस म्हणजे फ्रेंच, आणि एक वलंदेज म्हणजे डच. इंग्रजाचा साबण लाकडी वाटीत बसवलेला, दगडासारखा टणक. फरासिसाचा चिनी मातीच्या डबीत, गुलाबी, लोण्यासारखा, झाकण उघडलं की दरबारभर सुगंध. वलंदेजाची मात्र मळकट वडी, गोणपाटात गुंडाळलेली.

राजा म्हणाला, "तिघांत जो उत्तम ठरेल तोच साबण राज्यातल्या प्रत्येक न्हाव्यानं वापरायचा. दुसरं काही वापरील त्याची धोकटी जप्त."

धोकटी म्हणजे न्हाव्याची हत्यारांची पिशवी. ती गेली, की त्याचे हातच गेले म्हणा ना.

निवड करायला तिघे जण नेमले. एक प्रधान, त्यांची दाढी छातीपर्यंत. एक राजवैद्य, त्यांची पोटापर्यंत. आणि एक राजकवी, त्याला अजून मिसरूड फुटायचं होतं!

हे भागोजीच्या कानावर गेलं. त्यानं तांब्यात विहिरीचं पाणी घेतलं आणि धापा टाकत गड चढला. दरबाराच्या दारातून त्यानं पाहिलं, तर चांदीच्या तीन वाट्या मांडलेल्या आणि हुजऱ्या त्यांत टाक्याचं पाणी ओतत होता.

"सरकार, अर्ज आहे," भागोजी म्हणाला. "खाली रयतेला हे पाणी मिळत नाही. हे विहिरीचं पाणी आणलंय. यात फेस धरतो का ते बघा, मग ठरवा."

प्रधानांनी नाक मुरडलं. "विहिरीचं पाणी? चांदीच्या वाटीत? अरे, साबणाची परीक्षा चाललीय, म्हशी धुवायच्या नाहीत."

दरबार हसला. भागोजी तांब्या घेऊन दाराशीच उभा राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

फरासिसाच्या साबणाचा फेस वाटीबाहेर आला. कवी म्हणाला, "अहाहा, शरदातला ढग!" इंग्रजाचा फेस बेताचा आला. वलंदेजाची वडी वैद्यांनी नुसती हुंगली आणि खाली ठेवली. "शी! खोबरं घातलंय. आमच्या सासूबाईंच्या अंबाड्याला हाच वास येतो."

वलंदेज हात जोडून म्हणाला, "महाराज, हा खलाशांचा साबण. दर्याच्या पाण्यातसुद्धा..."

"मग खलाशांनाच विका," प्रधान म्हणाले, आणि फरासिसाच्या डबीवर मोहोर उठली.

महिना गेला नाही तोच गावात तेल्याच्या घरी लग्न निघालं. भागोजीनं नवरदेवाला वडाखाली बसवलं आणि गुलाबी साबण विहिरीच्या पाण्यात कालवला. फेस कसला येतो! नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या. भागोजीनं वस्तरा ठेवून दिला.

"हे काही खरं नाही. मी आपला जुन्या रीतीनं करतो," तो म्हणाला.

पण राजाचा शिपाई शेजारीच उभा होता. "नाना, साबण लावा. नाहीतर धोकटी द्या इकडं."

काय करणार? त्यानं गुठळ्या गालाला चोपडल्या. हात तोच, वस्तरा तोच, पण चिकट गुठळ्यांत पातं अडकू लागलं, केस ओढू लागलं. नवरदेव कळवळला. गालांवर चिरा पडल्या, हनुवटीवर पुरळ उठलं. त्यावर हळद लागली तेव्हा तर पोरगा उभ्या मांडवात ओरडला.

आता वधूकडची माणसं परगावची. त्यांनी ते लालभडक, फुगलेलं तोंड पाहिलं. मुलीचा बाप म्हणाला, "खरूज झालेला जावई आम्हाला नको. फसवणूक आहे ही!" आणि तो मुलीला घेऊन धर्मशाळेत परतला. ऊन कललं की गावी निघतो म्हणाला.

तेलीण भागोजीच्या दारात येऊन रडली. "नाना, पोराच्या जावळाला पहिला वस्तरा तुम्हीच लावलात. आणि आज त्याचं वाटोळंही तुम्हीच केलंत!"

भागोजी गरीब स्वभावाचा माणूस. जन्मात कुणाला अरे म्हटलं नव्हतं. पण हे शब्द ऐकले आणि तो ताडकन उठला. धोकटी काखेला मारली, तांब्या भरून घेतला, ती गुलाबी डबी उचलली आणि तसाच गडावर गेला. दाराशी हटकणाऱ्या पहारेकऱ्याला म्हणाला, "बाजूला हो, लेकरा. आज मी थांबायचा नाही."

दरबार भरला होता. टोपीकरांची गलबतं अजून बंदरातच होती, म्हणून ते तिघेही हजर होते. भागोजीनं राजापुढं धोकटी सोडली.

"महाराज, गावातले गाल रक्ताळलेत आणि एका पोराचं लग्न मोडलंय. माझा हात चुकला असेल तर हा हात तोडा. पण आधी ज्या तिघांनी हा साबण उत्तम ठरवला, त्यांतल्या एकानं या पाटावर बसावं. हाच साबण, हेच पाणी. मी दाढी करतो."

प्रधानांनी आपली दाढी मुठीत धरली. "वेडा झालास का? दाढी म्हणजे आमची अब्रू!"

"माझी प्रकृती नाजूक आहे," वैद्य म्हणाले.

कवी खांबाआड सरकला. त्याच्या गालावर होतंच काय?

भागोजीचा आवाज चढला. "बघा महाराज! यांच्या तोंडाला जन्मात वस्तरा लागला नाही, आणि आमच्या तोंडाचा निवाडा यांनी केला! हुंगून केला! तुमच्या टाक्यातल्या पाण्यात केला! मी पाणी घेऊन दाराशी उभा होतो, तर म्हणाले, इथं म्हशी धुवायच्या नाहीत. आम्ही काय म्हशी आहोत?"

राजा सिंहासनावरून उतरला आणि पाटावर बसला.

"माझी कर," तो म्हणाला.

भागोजीनं साबण कालवला. गुठळ्या झाल्या. वस्तरा फिरला, अडकला, ओढला. राजानं डोळे मिटले, ओठ चावला, पण उठला नाही. दाढी संपली तेव्हा त्याच्या गालांवर बोराएवढ्या लाल गांधी उठल्या होत्या.

फरासीस पुढं झाला आणि मान खाली घालून म्हणाला, "महाराज, साबण वाईट नाही. आमच्याकडं नदीचं गोड पाणी. इथलं पाणी मला कुणी दाखवलंच नाही."

मग त्याच तांब्यातल्या पाण्यात इंग्रजाचा साबण घोळवला, तोही नासला. वलंदेजाची मळकट वडी घोळवली, आणि वाटीत पांढरा, दाट फेस उभा राहिला.

राजानं आरसा मागवला. स्वतःचं तोंड नीट पाहून घेतलं. हुजऱ्या लेप घेऊन धावला, तर त्याला हातानं मागं सारलं. म्हणाला, "आधी कामाला जाऊ दे. हे तोंड उपयोगाचं आहे."

आणि उघड्या तोंडानं, पायी, राजा गड उतरला तो थेट धर्मशाळेत. वधूचा बाप गाडीला बैल जुंपत होता. राजा त्याच्यापुढं उभा राहिला.

"पाहुणे, माझ्याकडं बघा. मला खरूज आहे?"

"नाही... नाही महाराज!"

"मग तुमच्या जावयालाही नाही. जो दोष आहे तो माझ्या हुकुमाचा. तो हुकूम मी आज मागं घेतलाय."

बापानं बैल सोडले. संध्याकाळी मांडवात अक्षता पडल्या. नवरदेवाचं तोंड लाल आणि आहेर करणाऱ्या राजाचंही. गावकरी तोंडाला पदर-उपरणं लावून हसले.

राजानं नवा हुकूम काढला, की ज्याला जे रुचेल आणि ज्याच्या पाण्यात जे चालेल, ते त्यानं वापरावं. प्रधान, वैद्य आणि कवी यांना वर्षभर खालच्या वस्तीत राहून विहिरीच्या पाण्यानं तोंड धुवायला लावलं. प्रधानांनी चौथ्याच दिवशी आपणहून दाढी उतरवली. खाऱ्या पाण्यानं तिच्या जटा झाल्या होत्या.

म्हणून सांगतो: जे दुसऱ्याच्या गळी उतरवायचं, ते त्याच्या पाण्यात आणि आपल्या गालावर आधी पारखून घ्यावं.