बिनकडीचं दार

फार फार पूर्वीची गोष्ट. राज्य कुठलं ते विचारू नका, अशी राज्यं पुष्कळ असतात. तिथे एक मोठं विद्यापीठ होतं आणि तिथल्या एकाही आचार्याच्या दाराला आतून कडी नव्हती. "ज्ञानाचं दार कधी बंद असतं का?" कुलपती मोठ्या तोऱ्यात सांगत, आणि पाहुणे माना डोलवत. दाराआड बसणाऱ्याला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

तिथल्या एका वृद्ध वैद्याचार्यांनाच लाल तापाचा काढा ठाऊक होता. हा ताप दर बारा वर्षांनी यायचा. काढ्यातलं मूळ जहरी. माप कमी पडलं तर ताप रेंगाळे नि डोळ्यांवर उतरे, जास्त झालं तर रोगीच हातचा जाई. आचार्यांनी शिष्यांना तोंडी सांगून पाहिलं, तर तिघांनी तीन मापं लक्षात ठेवली! म्हणून ग्रंथ लिहायचा होता. मागच्या तापाला अकरा वर्षं सरली होती आणि आचार्यांच्या छातीत कळा येऊ लागल्या होत्या.

"ग्रंथ आटपा हो, आचार्य," कुलपती रोज म्हणत. आणि रोज स्वतःच दार ढकलून आत येत.

"राजाचे पाहुणे आलेत. घटकाभर चला."

"कोठारातलं धान्य मोजायचंय. तुमच्याशिवाय भरवसा कुणाचा? घटकाभरच!"

अशा घटका जोडत जोडत बारावं वर्षही संपत आलं. बिचारे आचार्य! सकाळी बोरू शाईत बुडवत आणि संध्याकाळी तो वाळलेला सापडे.

पाकशाळेतल्या बाईला हे बघवेना. एका सकाळी ती भाजीची टोपली घेऊन आचार्यांच्या उंबऱ्यावरच बसली. येईल त्याला म्हणे, "आचार्य लिहितायत. ऊन डोक्यावर आलं की या."

लोक चिडले, कुरकुरले, पण परत गेले. सात दिवसांत आचार्यांनी अकरा वर्षांत झालं नव्हतं तेवढं लिहिलं. मोठ्यांचं माप लिहून झालं. आता फक्त लहान मुलांचं राहिलं होतं.

आठव्या दिवशी कुलपती धावत आले. "बाई, बाजूला हो. राजाचा रथ इकडे यायला निघालाय!"

"महाराज, पाया पडते. शेवटचं पान आहे."

"पान कुठे पळून जातंय? उद्या लिहितील!" त्यांनी टोपली पायाने सरकवली आणि दार ढकललं.

आचार्य मान वर न करता म्हणाले, "पाचच ओळी राहिल्यात."

"घटकाभर, आचार्य."

आचार्यांनी बोरू खाली ठेवला. स्वागताच्या रांगेत ते दोन प्रहर उन्हात उभे होते. राजाचा रथ आला, तेव्हा ते कोसळले. पुन्हा उठले नाहीत.

महिन्याभरात लाल ताप आला. ग्रंथातल्या मापाने मोठी माणसं बरी होऊ लागली. मग कुलपतींची सहा वर्षांची नात फणफणली. त्यांनी घाईघाईने शेवटचं पान उघडलं. 'लहान मुलांसाठी मुळाचं माप' एवढंच लिहिलं होतं. खाली कोरं.

त्यांनी शिष्यांना बोलावलं. एक म्हणाला, "गुंजभर." दुसरा म्हणाला, "अर्धी गुंज." तिसरा म्हणाला, "पाव." आणि तिघेही रडू लागले.

नातीचा श्वास अडकत होता. कुलपतींनी सगळ्यात कमी माप निवडलं. पोर जगली. पण ताप एकवीस दिवस रेंगाळला.

बाविसाव्या दिवशी भर दुपारी ती उठून बसली आणि म्हणाली, "आजोबा, दिवा लावा ना."

कुलपती ओक्साबोक्शी रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने प्रत्येक आचार्याच्या दाराला आतून कडी ठोकली. तेव्हापासून रोज सकाळी ते नातीला मांडीवर घेऊन पाकशाळेतल्या त्या बाईशेजारी, लिहिणाऱ्या आचार्याच्या उंबऱ्यावर बसत. कुणी "घटकाभरच" म्हणत आलं, की हात जोडून त्याला परत पाठवत.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: ज्याच्याकडून ग्रंथ हवा, त्याचा वेळ आधी आपण राखावा.